'जंतूंनी खाल्ले' म्हणजे नेमके काय झाले?

काही वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्यातील एका विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक होतो. माध्यमिक गटात एकाच विषयावरचे दोन प्रकल्प शेजारीशेजारी मांडले होते. विषय होता, सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने प्रदूषित मातीची स्वच्छता. पहिल्या टेबलावर एका टबात माती व पाणी घेऊन त्यावर रॉकेल ओतले होते. बाटलीतले 'जिवाणूंचे द्रावण' टाकल्यावर आठ दिवसांत रॉकेलचा तवंग नाहीसा झाला, असे तक्त्यावर लिहिले होते. दुसऱ्या टेबलावर नववीतली एक मुलगी उभी होती. तिचे वडील क्रोम प्लेटिंगच्या एका छोट्या कारखान्यात कामाला होते. कारखान्याच्या मागची पिवळसर डाग पडलेली माती तिने डब्यातून आणली होती. त्या मातीत पाणी, गूळ आणि शेणकाला घालून ठेवल्यावर तीन आठवड्यांत वर साचलेल्या पाण्याचा पिवळा रंग गेला, हे तिने 'आधी' आणि 'नंतर' असे दोन ग्लास ठेवून दाखवले.

आम्ही दोन्ही ठिकाणी विचारले, "प्रदूषण कुठे गेले?" दोन्हीकडून एकच उत्तर आले, "जंतूंनी खाल्ले." मुलीने आणखी एक वाक्य जोडले, "आता ती जागा साफ करून तिथे कामगारांसाठी खोल्या बांधता येतील, असं बाबा म्हणतात."

दोन्ही प्रकल्पांना आम्ही बक्षीस दिले. घरी परतताना मात्र ते शेवटचे वाक्य मनातून जाईना. पहिल्या टबातले रॉकेल बहुधा हवेत उडून गेले होते. जिवाणू टाकले नसते तरी ते गेलेच असते. दुसऱ्या डब्यातले क्रोमियम जिथल्या तिथे होते. आणि ज्या मातीला उघडा हात लावू नये, ती माती एक शाळकरी मुलगी हाताळत असताना आम्ही तिच्या तक्त्याची मांडणी तपासत होतो.

चूक मुलांची नाही. 'जिवाणू प्रदूषण खातात' हे वाक्य पाठांतील परिच्छेदांतून, वृत्तपत्रांच्या सदरांतून आणि आमच्यासारख्या संशोधकांच्या भाषणांतून मुलांपर्यंत पोचलेले आहे. या लेखात त्या वाक्याचीच तपासणी करायची आहे. जैवोपचार खोटा आहे, असे आम्हाला म्हणायचे नाही. तो खरा आहे आणि उपयोगीही आहे. पण ज्या पद्धतीने तो सांगितला जातो ती पद्धत सदोष आहे, आणि कारखान्यांच्या गावात हा दोष महाग पडू शकतो.

वाक्यातला खरा भाग

आधी वाक्यात जेवढे खरे आहे तेवढे मान्य करू. खनिज तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांच्या साखळ्या व कडी. मातीतील अनेक जिवाणूंजवळ ऑक्सिजिनेज नावाची विकरे असतात. ती हवेतील ऑक्सिजन घेऊन साखळीच्या टोकाला जोडतात. एकदा हे झाले की साखळीचे स्निग्धाम्ल बनते, आणि पुढे आपल्या शरीरात तुपाचे जे होते तेच तेलाचे होते. दोन-दोन कार्बनचे तुकडे तुटत जातात, त्यातून ऊर्जा मिळते, आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी व नव्या जिवाणूंची शरीरे उरतात. इथे 'खाल्ले' हा शब्द अगदी योग्य आहे. तेलाचा रेणू खरोखरच नाहीसा झाला, आणि त्यातला कार्बन कुठे गेला हेही सांगता येते.

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर होऊन तेल किनाऱ्यावर आले. तेलाने माखलेली वाळू स्वच्छ करण्यासाठी 'टेरी' या संस्थेने तयार केलेला 'ऑइलझॅपर' हा जिवाणूंचा संच वापरण्यात आला.

याच्या आधीचे प्रसिद्ध उदाहरण अलास्काचे. २४ मार्च १९८९ रोजी 'एक्झॉन व्हाल्डेझ' हे जहाज खडकावर आदळून सुमारे ४ कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात सांडले. तिथे किनाऱ्यांवर मुख्यतः नत्र व स्फुरद असलेली खते फवारण्यात आली. तेल खाणारे जिवाणू किनाऱ्यावर आधीच होते. त्यांना कार्बन भरपूर मिळाला होता, पण बाकीचे अन्न कमी पडत होते. खतामुळे विघटनाचा वेग वाढला. मात्र २००१ साली त्याच किनाऱ्यांवर खड्डे खणून पाहिले तेव्हा दगडगोट्यांखाली तेल शिल्लक असल्याचे आढळले. वरचे तेल गेले होते, खाली जिथे ऑक्सिजन आणि पोषकद्रव्ये पोचत नव्हती तिथले राहिले होते. जिवाणू असणे पुरेसे नसते, त्यांना काम करता येईल अशी परिस्थिती लागते, हा या घटनेचा धडा आहे.

एका गुंठ्याचा हिशेब

हा धडा वर्गात आकड्यांनी फार चांगला सांगता येतो. गॅरेजच्या मागे एक गुंठा जमीन आहे आणि तिच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात वजनाने १ टक्का तेल मुरले आहे, असे समजा. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे माती झाली सुमारे १५ घनमीटर. वजन धरू २० टन. त्यात तेल २०० किलो.

आता बाजारातून 'तेलखाऊ जिवाणूंची' एक किलो पावडर आणली. तिच्या एका ग्रॅममध्ये १०० कोटी जिवाणू आहेत, असे पाकिटावर लिहिलेले आहे. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण साध्या शेतमातीच्या एका ग्रॅममध्येही १० कोटींपासून १०० कोटींपर्यंत जिवाणू असतात. १० कोटी धरले तरी वीस हजार किलो मातीतील जिवाणूंच्या तुलनेत पाकिटातील जिवाणू दोन हजारांत एक एवढेच भरतात. शिवाय मातीतले जिवाणू तिथल्या उन्हाला, क्षाराला आणि त्यांना खाणाऱ्या आदिजीवांना सरावलेले असतात. पाकिटातले पाहुणे असतात. पाहुण्यांचा उपयोग कधीच होत नाही असे नाही. तेल नवे असेल, वाळू जवळजवळ निर्जीव असेल किंवा प्रदूषक अगदी विशिष्ट असेल, तर होतो. पण बहुतेक वेळा खरी अडचण दुसरीकडे असते.

ती पाहू. एक किलो तेलाचे पूर्ण ऑक्सिडीकरण व्हायला सुमारे साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. २०० किलोंना झाला ७०० किलो. एक घनमीटर हवेत ऑक्सिजन असतो सुमारे २८० ग्रॅम, म्हणजे २,५०० घनमीटर हवा हवी. मध्यम आकाराच्या पंधरा वर्गखोल्यांत मिळून एवढी हवा मावते. आणि त्या १५ घनमीटर मातीच्या छिद्रांत एका वेळी हवा असते फार तर चार-पाच घनमीटर. म्हणजे माती पुन्हा पुन्हा उलथावी लागणार, किंवा नळ्यांनी तिच्यात हवा खेळवावी लागणार. नत्राचेही तसेच. कार्बन, नत्र व स्फुरद यांचे १००:१०:१ हे रूढ प्रमाण धरले तर २०० किलो तेलातील सुमारे १७० किलो कार्बनमागे १७ किलो नत्र लागते. युरियाच्या भाषेत सुमारे ३७ किलो, आणि तेही एकदम नव्हे, हप्त्याहप्त्याने. त्यातला काही कार्बन इतर मार्गांनी जातो, त्यामुळे हे आकडे ठोकळमानाचे आहेत. पण त्यांवरून एवढे दिसते की जैवोपचार हे बरेचसे शेतीसारखे काम आहे. मशागत, ओलावा, खत आणि काही महिन्यांची, कधी काही वर्षांची राखण. पावडर शिंपडून घरी जाण्याचे ते काम नाही.

नाशिकच्या भारी काळ्या जमिनीत हे काम अधिक अवघड होते. ही माती भिजली की फुगते आणि तिची छिद्रे मिटतात. हवा आत जात नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी, त्यातल्या प्रदूषकासह, त्या भेगांतून सरळ खाली मुरमात उतरते. वाळूवर यशस्वी झालेली पद्धत इथे जशीच्या तशी चालेल, असे मानता येत नाही.

चक्रवर्तींच्या जिवाणूची गोष्ट

या विषयावरच्या लोकप्रिय लेखांत एक नाव हमखास येते, ते आनंद मोहन चक्रवर्ती यांचे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी तेलातील वेगवेगळे घटक पचवणारी चार प्लाझ्मिडे एकाच स्यूडोमोनास जिवाणूत एकत्र आणली. येथवर गोष्ट बरोबर आहे. पुढे ती अशी सांगितली जाते की या जिवाणूने समुद्रावर सांडलेले तेल खाऊन टाकले. हे मात्र घडलेले नाही. तेलगळती निवारण्यासाठी तो जिवाणू प्रत्यक्षात कधी समुद्रात सोडलाच गेला नाही.

त्याची कीर्ती झाली ती कायद्याच्या क्षेत्रात. माणसाने घडवलेल्या सजीवाचे पेटंट घेता येते का, या प्रश्नावर १६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी होकारार्थी निकाल दिला. जैवतंत्रज्ञानाच्या उद्योगाला त्यामुळे मोठी चालना मिळाली. चक्रवर्तींचे काम यामुळे लहान ठरत नाही. पण 'पेटंट मिळाले' आणि 'जमीन साफ झाली' या दोन गोष्टींतला फरक पुसून टाकला की वाचकाला वाटते, प्रश्न सुटलेलाच आहे, आता फक्त बाटली उघडायची बाकी आहे. प्रदर्शनातली ती 'द्रावणाची बाटली' याच समजुतीतून आलेली होती.

गूळ खाल्ला, क्रोमियम नव्हे

आता दुसऱ्या टेबलाकडे वळू, कारण नाशिकचा प्रश्न तिथे आहे. सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहती यंत्रसामग्री व वाहनांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहेत. सुट्या भागांबरोबर मुलामा देण्याचा धंदा येतोच. क्रोम, निकेल, जस्त, तांबे यांच्या टाक्या असलेली लहान-लहान प्लेटिंगची शॉप्स इथे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचे गुणांकन केले तेव्हा नाशिकचा समावेश 'गंभीर प्रदूषित' क्षेत्रांत झाला होता. सातपूर-अंबड परिसरातून वाहणारी नासर्डी पुढे गोदावरीला मिळते, आणि गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न २०१२ साली जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयातही गेला. चर्चा बहुतेक पाण्याची होते. ते पाणी ज्या मातीतून झिरपते तिच्याकडे कमी लक्ष जाते.

इथे शाळेत शिकवलेली सर्वांत साधी गोष्ट आठवावी लागते. रेणू तुटू शकतो, मूलद्रव्य तुटत नाही. तेलाचा रेणू जिवाणू फोडतो. क्रोमियमचा अणू कोणताही जिवाणू फोडू शकत नाही. तो त्याचे रूप बदलू शकतो, जागा बदलू शकतो, एवढेच.

क्रोमियमची दोन रूपे महत्त्वाची आहेत. प्लेटिंगच्या टाकीत असते ते सहासंयुजी क्रोमियम. त्याचा रंग पिवळा ते नारिंगी, ते पाण्यात सहज विरघळते, आणि ते कर्करोगकारक आहे. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. दुसरे रूप त्रिसंयुजी. ते हिरवट, पुष्कळ कमी विषारी, आणि उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी मातीत जवळजवळ अविद्राव्य. आपली काळी माती साधारणपणे अल्कधर्मी असते. अशा मातीत सहासंयुजी क्रोमियम क्रोमेटच्या ऋण आयनाच्या रूपात असते. चिकणमातीच्या कणांवरही ऋण प्रभार असतो, त्यामुळे माती क्रोमेटला धरून ठेवत नाही. ते पाण्याबरोबर मुरमात आणि बेसाल्टच्या भेगांतून विहिरीकडे जाते. जस्त किंवा तांबे यांना काळी माती बऱ्यापैकी अडवते. क्रोमेटला मात्र ती जाऊ देते.

त्या मुलीच्या डब्यात काय झाले असेल? शेणातल्या आणि मातीतल्या जिवाणूंनी गूळ खाल्ला. अन्नाचे ऑक्सिडीकरण करताना निघालेले इलेक्ट्रॉन कोणाला तरी द्यावे लागतात; आपण ते ऑक्सिजनला देतो. डब्यातला ऑक्सिजन संपल्यावर काही जिवाणूंनी ते क्रोमेटला दिले. तीन इलेक्ट्रॉन मिळताच सहासंयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी झाले आणि हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसले. पाण्याचा पिवळा रंग गेला. म्हणजे तिचा प्रयोग फसलेला नव्हता. जगात हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरतात; गुळाऐवजी मळी किंवा इथेनॉल जमिनीत सोडतात. चुकले होते ते तिचे अनुमान, आणि ते आम्ही तिला दाखवून दिले नाही. जंतूंनी गूळ खाल्ला होता, क्रोमियम नव्हे. प्रयोगाच्या आधी डब्यात जेवढे क्रोमियम होते तेवढेच नंतरही होते.

हे रूपांतर कायमचे असते का? बऱ्याच अंशी टिकते, पण हमी नसते. मातीतील मँगनीजची ऑक्साइडे त्रिसंयुजी क्रोमियमचे पुन्हा सहासंयुजी करू शकतात, हे बार्टलेट आणि जेम्स या अमेरिकी संशोधकांनी १९७९ साली दाखवून दिले. ताजे, विरघळलेले क्रोमियम लवकर उलटते. जुने, घट्ट बसलेले फार हळू. आपल्या बेसाल्टपासून बनलेल्या मातीतही मँगनीज असते. म्हणून अशा जागेची एकदा तपासणी करून भागत नाही, ती वर्षानुवर्षे करावी लागते.

मूलद्रव्य नाहीसे होत नाही, हे नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला वेगळे सांगावे लागत नाही. केवड्यासाठी बोर्डो मिश्रण मारताना मोरचुदातले तांबे पानांवरून मातीत उतरते आणि तिथेच राहते. उन्हाने किंवा जंतूंनी ते कमी होत नाही. मुलांना धातूंविषयी सांगताना हे घरचे उदाहरण फार उपयोगी पडते.

याउलट सायनाइडचे उदाहरण घ्या. तांबे, जस्त, चांदी यांच्या काही प्लेटिंग टाक्यांत सायनाइड असते. ते तर जालीम विष. पण ते बनलेले आहे कार्बन आणि नायट्रोजनचे, म्हणून काही जिवाणू ते फोडून अमोनिया व कार्बन डायऑक्साइड बनवतात. अमेरिकेत साउथ डकोटा राज्यातील होमस्टेक सोन्याच्या खाणीत १९८४ पासून सांडपाण्यातील सायनाइड अशा पद्धतीने काढले जात होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही धातूंच्या सायनाइडांचे जिवाणूंकरवी विघटन करण्यावर चांगले काम झाले आहे. जालीम विष खाता येते आणि साधे जस्त खाता येत नाही, हे मुलांना प्रथम विचित्र वाटते. पण तांब्याचे सायनाइड जिवाणूंना दिले तर सायनाइड जाते, तांबे उरते, हे त्यांनी स्वतः लिहून काढले की विषय नीट समजतो.

अर्धवट खाणे

आणखी एक बाजू लोकप्रिय लेखांत जवळजवळ येतच नाही. जिवाणू कधी कधी काम अर्धवट सोडतात, आणि अर्धे काम न केल्यापेक्षा वाईट असू शकते.

धातूचे भाग ग्रीसमुक्त करण्यासाठी ट्रायक्लोरोइथिलीन हा द्रावक वापरात राहिला आहे. तो जमिनीत सांडला की ऑक्सिजन नसलेल्या थरांत जिवाणू त्याच्यातील क्लोरीनचे अणू एकेक करून काढतात. तीन काढले तर निरुपद्रवी इथिलीन मिळते. पण पुष्कळ ठिकाणी दोन निघाल्यावर गाडी थांबते आणि व्हिनिल क्लोराइड साचते, जे माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध आहे. शेवटपर्यंत जाणारा डिहॅलोकोकॉइडिस हा जिवाणू १९९७ साली माहीत झाला. तो प्रत्येक मातीत असतोच असे नाही. पाऱ्याची गोष्ट याहून बोलकी आहे. पाण्याच्या तळच्या गाळातील जिवाणू अकार्बनी पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, हे १९६९ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले. हे रूप माशांच्या शरीरात साचते आणि माणसाच्या मज्जासंस्थेपर्यंत पोचते. म्हणजे इथे जिवाणूंनीच विष अधिक घातक केले. मूळ पदार्थ सापडत नाही, एवढ्यावर 'स्वच्छ झाले' असे म्हणता येत नाही.

चंचुपात्र आणि जमीन

टीका फक्त पाठांवर आणि वृत्तपत्रांवर करून आम्हा संशोधकांना सुटता येणार नाही. आमच्या शोधनिबंधांचा एक ठरावीक साचा आहे. प्रदूषित जागेवरून जिवाणू वेगळा काढायचा, ग्लुकोजयुक्त माध्यमात ३० किंवा ३७ अंश तापमानाला हलत्या चंचुपात्रात वाढवायचा, त्यात शुद्ध रसायन घालायचे आणि ४८ तासांत ९० टक्क्यांहून जास्त नाहीसे झाले असे लिहायचे. शेवटच्या परिच्छेदात 'हा जिवाणू प्रदूषित जमिनीच्या शुद्धीकरणासाठी उपयुक्त ठरेल' हे वाक्य येते. आम्हीही ते लिहिले आहे. जमिनीत ग्लुकोज नसतो, कोणी चंचुपात्र हलवत नाही, एकाच प्रदूषकाऐवजी तेल, धातू आणि द्रावक एकत्र असतात, आणि एका ठिकाणची माती दोन पावलांवरच्या मातीसारखी नसते. 'उपयुक्त ठरेल' या दोन शब्दांत अनेक वर्षांचे काम दडलेले असते. वार्ताहर ते वाक्य उचलतो, 'ठरेल'चे 'ठरले' होते, आणि पुढच्या वर्षी ते एखाद्या शाळेच्या तक्त्यावर दिसते.

चांगले काम कसे सांगावे याचेही उदाहरण महाराष्ट्रात आहे. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या टाकाऊ ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातील प्रेसमड, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी यांच्या मदतीने झाडे उभी केली. जिवाणूंनी तिथे मँगनीज खाल्ले नाही. त्यांनी झाडांना उभे राहायला मदत केली, आणि झाडांनी ढिगारा बांधून धरला. सूक्ष्मजीवांचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही, उलट ते नेमके कशाचे आहे हे कळते.

स्वस्त कोणासाठी?

'जैवोपचार स्वस्त आहे' हे आणखी एक नेहमीचे वाक्य. माती खणून तळोजा किंवा रांजणगाव येथील घातक कचऱ्याच्या प्रकल्पात नेण्यापेक्षा तो पुष्कळदा स्वस्त असतो, हे खरे. पण प्रदूषण न करण्यापेक्षा तो कधीच स्वस्त नसतो.

कॅलिफोर्नियातील हिंकली हे गाव याचे उदाहरण. तिथल्या वायुवाहिनीच्या केंद्रातून १९५२ ते १९६६ या काळात सहासंयुजी क्रोमियम असलेले पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडले गेले आणि ते भूजलात उतरले. १९९६ साली कंपनीने रहिवाशांना ३३ कोटी ३० लाख डॉलर भरपाई देण्याचे मान्य केले. पुढे तिथे भूजलात इथेनॉल सोडून जिवाणूंकरवी क्रोमियमचे क्षपण करण्याचे काम हाती घेतले गेले. ते चालते, पण ऑक्सिजन संपल्यामुळे खडकातील मँगनीज आणि आर्सेनिक विरघळू लागतात, म्हणून त्यांच्यावरही नजर ठेवावी लागते. चौदा वर्षांत झालेले प्रदूषण निस्तरायला त्यानंतरची अर्ध्या शतकाहून अधिक वर्षे पुरलेली नाहीत. प्लेटिंगच्या शॉपमध्ये टाकीखालच्या फरशीला आम्लरोधक अस्तर लावणे आणि धुण्याचे पाणी वेगळे गोळा करणे यांचा खर्च यापुढे किती क्षुल्लक आहे, हे सांगायला नको.

आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. दूषित जागा कशी ठरवायची, तिची तपासणी कशी करायची आणि खर्च कोणी सोसायचा, हे त्यांत सांगितले आहे. नियम कागदावर राहू नयेत यासाठी जाणते नागरिक लागतात. 'जंतू टाकले की झाले' असे ऐकत वाढलेला नागरिक योग्य प्रश्न विचारू शकणार नाही.

वर्गात काय करावे?

आमची सूचना साधी आहे. जैवोपचाराविषयी कोणतेही विधान आले की मुलांना तीन प्रश्न विचारायची सवय लावावी. प्रदूषक रेणू आहे की मूलद्रव्य? ते आता कुठे आणि कोणत्या रूपात आहे? जिवाणू नसते तर काय झाले असते?

तिसरा प्रश्न म्हणजेच तुलनेचा प्रयोग, आणि तो शाळेत सहज होतो. त्यासाठी कारखान्याची माती, रॉकेल किंवा जळके इंजिन तेल अजिबात वापरू नये. साधी बागेची माती आणि शेंगदाण्याचे तेल घ्यावे. झाकणाच्या चार सारख्या बरण्या घ्याव्यात. पहिलीत नुसती ओलसर माती. दुसरीत माती व दोन चमचे तेल. तिसरीत तेवढेच तेल आणि चिमूटभर डीएपी. चौथीत तेल व डीएपी तिसरीइतकेच, पण माती आधी तीन दिवस रोज तासभर कुकरमध्ये वाफवलेली. प्रत्येक बरणीत चुन्याच्या निवळीची छोटी वाटी ठेवून झाकण लावावे. दर दोन दिवसांनी निवळी किती गढूळ झाली ते पाहून बदलावी आणि त्याच वेळी माती हलवून हवा द्यावी. युरिया घेऊ नये. त्याच्या स्वतःच्या विघटनातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो आणि हिशेब चुकतो. वाफवलेल्या मातीतही काही दिवसांनी हवेतून जिवाणू येतील आणि निवळी गढुळेल. तेव्हा मुले 'प्रयोग बिघडला' म्हणतील. तो बिघडलेला नाही. का गढुळली याचे कारण त्यांनाच शोधू द्यावे.

आता राहिली ती नववीतली मुलगी. प्रदर्शनानंतर आम्ही तिच्या शिक्षकांना पत्र लिहिले. माती शाळेत ठेवू नये, डबा बंद करून कारखान्याच्या घातक कचऱ्यातच परत द्यावा, हे सांगितले. आमची चूकही कबूल केली. काही दिवसांनी तिचे उत्तर आले. त्यात एकच प्रश्न होता, "मग त्या जागेवर खोल्या बांधायच्या की नाही?"

आम्ही कळवले की पाण्याच्या रंगावरून हे ठरवता येणार नाही. त्या जागेत वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या खोलीवर मातीचे नमुने घेऊन एकूण क्रोमियम व सहासंयुजी क्रोमियम दोन्ही मोजावे लागतील, जवळच्या विहिरीचे पाणी पावसाळ्याआधी व नंतर तपासावे लागेल, आणि हे मोजमाप करून घेण्याची जबाबदारी जागेच्या मालकाची आहे, कामगारांची नव्हे. तोवर बांधू नयेत.